एकशे साठ बाय एकशे वीस

लिनक्सवर आयुष्य काढलेल्या माणसाला चुकीचं स्क्रीन रिझोल्यूशन दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मी वर्धमान मगदूम. सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बत्तीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली. लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर नवरा-नवरी चपटे दिसायला लागले की मी पंगत सोडून त्या ऑपरेटरच्या पाठीशी जाऊन उभा राहायचो. त्रिशला, माझी बायको, म्हणायची, "अहो, बसा की गप. तुमचं लग्न आहे का?" स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच स्वभावापायी आज मी स्वतःच्या घरात परका झालोय, आणि दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही.

हे सगळं समजायला थोडी लॅबमधली गोष्ट सांगावी लागेल. दरवर्षी नवी पोरं यायची आणि पहिल्याच दिवशी तक्रार, "सर, खिडकी बारकी दिसतीय." पोरांना सरावासाठी आम्ही व्हर्च्युअल मशीन द्यायचो. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर. आपण खोटे आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. खरा मॉनिटर केबल जोडली की स्वतःहून सांगतो, बाबा रे, मी इतका रुंद, इतका उंच. पोटातल्या मशीनला असं सांगणारं कुणी नसतं. मग ते भिऊन एक लहानसं माप धरतं आणि भल्यामोठ्या काळ्या पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी खिडकी उघडते. उपाय सोपा असतो. बाहेरचं माप आत नेऊन सांगणारा एक निरोप्या प्रोग्रॅम मिळतो, तो आत बसवायचा. मात्र काहीही करण्याआधी स्नॅपशॉट घ्यायचा. मशीन या घडीला जसं आहे तसं गोठवून ठेवायचं, म्हणजे घोळ झाला तर मागे जाता येतं. "आधी स्नॅपशॉट, मग शहाणपणा," हे मी इतक्या वेळा ओरडलोय की त्रिशलासुद्धा कुकरचं झाकण उघडताना ते म्हणायची.

त्रिशला किडे काढायची. म्हणजे कृषी महाविद्यालयासाठी किड्यांची चित्रं काढायची. टाचणी टोचलेल्या मेलेल्या किड्याला ती हात लावत नसे. जैनाच्या घरात ते चालायचं नाही म्हणून जिवंत किडा बरणीत ठेवायची, भिंगातून त्याच्या पायावरचे केस मोजायची आणि संध्याकाळी आमची जेवणं व्हायच्या आत त्याला हळदीच्या रानात सोडून यायची. सूर्य मावळल्यावर आमच्याकडे जेवत नाहीत, त्यामुळे किड्याचीही सुटका वेळेत व्हायची. हळदीवरच्या तीस किड्यांचा संच तिला करायचा होता. एकोणीस झाले आणि डोळे गेले. आधी रातांधळेपणा आला, मग कडेकडेनं अंधार आत सरकत गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी सगळंच संपलं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात ती, मी आणि रेडिओ. सात वर्षं तशीच गेली.

मग ती पट्टी निघाली. चष्म्यात कॅमेरा, कमरेला डबा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या आत, मेंदूवर चिकटवलेली नखाएवढी पट्टी. कॅमेऱ्यानं पाहिलेलं डबा विजेच्या बारीक टोचण्यांत बदलतो, पट्टी त्या टोचण्या मेंदूला देते आणि माणसाला उजेडाचे ठिपके दिसतात. आडवे एकशे साठ, उभे एकशे वीस. दाराच्या बेलवरचा कॅमेरासुद्धा याहून बरा दाखवतो. पण त्रिशलानं दीड वर्षं चिकाटीनं त्या ठिपक्यांतून घर शिकून घेतलं. डबाही शिकत होता, कोणती टोचणी दिली की तिला कुठं काय दिसतं ते. दोघं मिळून तयार झाले. एके दिवशी मी दारातून आत आलो तर पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "आलात? शर्टाचं बटण वर-खाली लागलंय." बटण दिसणं शक्यच नव्हतं, अंदाजानं ठोकून दिलं होतं तिनं. पण मी दिसलो होतो. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टर सदलगेबाईंनी तिला नवी पट्टी बसवली आणि पट्टीच्या कंपनीनं जुन्या डब्याचं शिकलेलं सगळं उतरवून नवा डबा दिला. टोचण्या देणारी दहा लाखांवर टोकं, आडवी बाराशे ऐंशी, उभी आठशे. ऑपरेशन झकास झालं. आणि दिसायला? होतं तेवढंच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "अपेक्षित आहे सर." डॉक्टर म्हणाल्या, "मेंदूला वेळ द्या." दहा महिने दिला वेळ. मग जूनमध्ये एके सकाळी मी माझी जुनी केबल शोधून काढली.

"मला दिसतंय तेवढं पुरे आहे ओ," त्रिशला म्हणाली. ती मूगडाळ निवडत होती.

"मुंगी दिसते का तुला?"

"मुंगी नाही दिसत."

"मग?"

ती बराच वेळ डाळीत बोटं फिरवत राहिली. "अकरा किडे राहिलेत माझे," ती म्हणाली. "करा काय करायचं ते."

डबा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. सरकारी मंजुरी मिळालेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. ती कटकट नको म्हणून कंपनीच्या शहाण्यांनी तो प्रोग्रॅम जसाच्या तसा नव्या डब्याच्या पोटात, व्हर्च्युअल मशीन करून बसवला होता. वर मशीनचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तो आपोआप नवा झालेला. निरोप्या होता जुन्या कर्नलच्या मापाचा. तो मुकाट मरून पडला होता आणि आतलं मशीन अजून जुनंच माप धरून बसलं होतं. दहा लाखांतली एकोणीस हजार टोकं काय ती कामाला, बाकीची नुसती बसून. माझ्या लॅबमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरानं हे पकडलं असतं.

आधी स्नॅपशॉट घेतला. मग मशीनला विचारलं, कोणकोणती मापं येतात तुला? उत्तर आलं, एकच. मी नवं माप हातानं लिहून त्याच्या गळ्यात मारलं.

"अहो!" त्रिशला किंचाळली. "गेलं! सगळं गेलं!" तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. पंधरा सेकंदांत 'बरोबर' असं सांगितलं नाही तर माप आपोआप मागे येईल अशी सोय मी करून ठेवली होती. पण ते पंधरा सेकंद माझ्या वैऱ्यालाही नकोत. ठिपके परत आले तेव्हा डाळ सगळी जमिनीवर होती.

"बास करा," ती म्हणाली.

मी ऐकायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची माझी जुनी सवय. जबरदस्तीनं काम होणार नाही, निरोप्यालाच नव्या कर्नलच्या मापानं पुन्हा बनवला पाहिजे, हे तोवर कळलं होतं. त्यासाठी त्या कर्नलच्या काही फायली लागतात, त्या डब्यातच एका कोपऱ्यात सापडल्या. सव्वा तास लागला. तिची समजूत घातली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

त्रिशला खिडकीकडं तोंड करून बसली होती. मग तिनं मान पुढं काढली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मुंगीच्या मिशा हलतायत."

चौकटीवरून मुंग्यांची रांग चालली होती. ती हसायला लागली, अगदी शाळकरी पोरीसारखी. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "अगं बाई, म्हातारी झाले की मी!" आणि आणखी हसली. मग माझ्याकडं वळली. मीही दात काढून उभा होतो, शाबासकीची वाट बघत. तिचं हसू थांबलं.

"बोला बरं काहीतरी."

"काय बोलू?"

"आवाज तुमचाच आहे," ती म्हणाली आणि खांद्यावरची ओढणी सारखी केली. माझ्यासमोर ओढणी सारखी करायची तिला तीस वर्षांत गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला. सदलगेबाईंनी आधी मला फैलावर घेतलं. "तुम्ही डबा उघडलात? धन्य आहे सर तुमची!" मग तपासलं, चित्रं दाखवली, फोटो दाखवले. वस्तू सगळ्या फटाफट ओळखत होती ती. मी समोर आलो की अडत होती.

"चेहऱ्याचं मेंदूत वेगळं खातं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "हा अमुक माणूस, हे कळणं एक. हा आपला माणूस, असं वाटणं दुसरं. आता बघा, त्या जुन्या ठिपक्यांत तुमचा चेहरा नव्हताच. नुसता आकार होता. बाकीचं बाईंच्या मेंदूनं आठवणीतून भरलं. म्हणजे चार वर्षं त्या तुम्हाला बघत होत्या ते पन्नाशीच्या आतल्या तुम्हाला. आता सगळं स्वच्छ दिसतंय. मेंदूला स्वतःचं काही भरायला जागाच उरली नाही."

"कळतंय हो मला," त्रिशला म्हणाली. "हे तेच आहेत हे कळतंय. पण आतून कोणीतरी म्हणतंय, हा माणूस त्यांचा आवाज काढतोय." आणि माझ्या दिशेनं न बघता म्हणाली, "रागावू नका."

मी विचारलं, मागे जाता येईल का? नुसतं माप लहान करून बघितलं होतं मी आदल्या दिवशीच. तिला नुसतं पीठ सांडल्यासारखं दिसलं. नव्या मापाबरोबर डब्यानं आपलं चार वर्षांचं शिकलेलं सगळं पुसून नव्यानं लिहिलं होतं. जुनं शिक्षण उरलं होतं ते फक्त माझ्या स्नॅपशॉटमध्ये.

"तो असेल तर जाता येईल मागे," डॉक्टर म्हणाल्या. "पण एकदाच. आज इकडं, उद्या तिकडं असं नाही. मेंदू म्हणजे टीव्हीचा चॅनेल नाही, झटके येतील. आणि फार उशीर नको. जुनी वाट मेंदूत काही महिनेच राहील."

"आणि असंच ठेवलं तर? चेहरा जुळेल?"

"काहींचा जुळतो. काहींचा नाही."

परतताना रिक्षात मला वाटलं, ती विषय काढेल. ती काढेना. मग मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्रिशला टेबलाला बसली ती बसलीच. सकाळी सहाला उठायची, अंघोळ, मंदिर, आणि सातला बरणी समोर. खोडकिडा झाला, पानं गुंडाळणारी अळी झाली, फुलकिडे झाले. चहा नेऊन दिला तर "ठेवा तिथं" म्हणायची. आवाज गोडच, पण घरात रंगारी आलेला असला की आपण बोलतो ना त्याच्याशी, तसा. मी खोलीत आलो की तिची पाठ ताठ व्हायची. हे ती मुद्दाम करत नव्हती, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त लागायचं.

एकदा मी म्हटलं, "जरा दम खा की. किडे कुठं पळून चाललेत?"

"वेळ नाही हो."

"कसला वेळ नाही?"

ती पेन्सिलीला टोक करत राहिली.

दिवसात अर्धा तास तेवढा माझा होता. साडेपाचला जेवायला बसताना ती चष्मा काढून ठेवायची. ठार आंधळी होऊन माझ्याशेजारी बसायची आणि लगेच तिचा आवाज सैल व्हायचा. "भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलंत ना? न बघता कळतं मला." मग मी मुद्दाम मोठ्यानं घास चावायचो, ती हसायची, हात लांब करून माझ्या ताटातला पापड मोडून घ्यायची. मला माझी बायको मिळायची आणि तिला तिचा नवरा. ताटं उचलली की चष्मा डोळ्यांवर, आणि ती उजेड जायच्या आत पुन्हा टेबलाकडं. साठाव्या वर्षी मला किड्यांचा हेवा वाटायला लागला. सांगायला लाज वाटते, पण वाटायला लागला. दुपारी मी हॉलमध्ये बसून आतल्या पेन्सिलीचा आवाज ऐकायचो. एवढ्या लहान घरात माणूस इतका एकटा पडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी डब्यानं लाल ओळ दाखवली. जागा भरत आली होती. स्नॅपशॉटचा हाच तर ताप असतो. गोठवलेलं जुनं तसंच ठेवून रोजचं नवं वर साठत जातं, आणि एक दिवस डिस्क गच्च भरते, मशीन अडकतं. अडकलं तर त्रिशलाला परत काळोख. बाहेर कॉपी काढून ठेवावी तर तीही सोय नाही. माणसाच्या मेंदूतली माहिती म्हणून कायद्यानंच कुलूप घातलेलं. हिशेब केला, फार तर दोन आठवडे होते. त्याच्या आत एक तर मागे जायचं, नाही तर स्नॅपशॉट पुसून टाकायचा.

त्या दुपारी ती जरा आडवी झाली होती. डबा चार्जिंगला, चष्मा उशाशी, केबल माझ्या हातात. मागे जायला फक्त एक ओळ लिहायची होती. ती उठली असती तेव्हा मी म्हणालो असतो, "बिघडलं गं, माझ्या हातात काही राहिलं नाही." तिनं विश्वास ठेवला असता. माझ्याकडं वळून "आलात?" म्हणाली असती. मी ती ओळ लिहिली. खरं सांगतो, लिहिली.

आणि टेबलाकडं नजर गेली. पंचविसावं चित्र चाललं होतं, कंदमाशीचं. एवढीशी माशी, तिचे काडीसारखे लांब पाय, पंखातली एकेक शीर. पाचव्या पायाला नुसती बाह्यरेषा होती. मी लिहिलेली ओळ पुसली आणि दुसरी लिहिली. मशीननं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. स्नॅपशॉट जायला चार मिनिटं लागली. आपण केवढा त्याग केला, असं वाटत होतं. ती उठल्यावर तिला काही सांगितलं नाही. त्यागाची दवंडी काय पिटायची?

सप्टेंबरात आमचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणी आली. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची त्या दिवशी क्षमा मागायची. मंदिरात सगळे हात जोडून "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा" म्हणत पुढं सरकतात, कशाची क्षमा ते कुणी विचारत नाही. मीही पन्नास जणांना म्हटलं. घरी आलो तेव्हा वाटलं, एवढं तोंडदेखलं म्हणून झालं, खरं सांगण्यासारखं एकच आहे आणि तेच राहिलंय.

त्रिशला सोफ्यावर बसली होती, चष्मा हातात. मी समोर स्टूल घेतलं.

"उत्तम क्षमा," मी म्हटलं. "तुला न विचारता एक गोष्ट केली मी. जुना स्नॅपशॉट पुसून टाकला. तुझी चित्रं जाऊ नयेत म्हणून."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"जागा भरत आली होती?"

"तुला कसं कळलं?"

"इतकी वर्षं पोरांना ओरडताना ऐकलंय तुम्हाला. स्नॅपशॉट फार दिवस ठेवू नका, मशीन अडकेल." तिचा आवाज बारीक झाला. "सत्तावीस झाले माझे. तीन राहिलेत."

"मग कर की ते. आता कसली भीती नाही."

"अहो," ती म्हणाली, "एवढ्या घाईनं कशाला काढत होते मी? तीस झाले की म्हणणार होते, न्या मला मागे."

मी म्हटलं, "बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही नको म्हणाला असता. एवढं दुरुस्त केलं, आता ते घालवायचं? तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही का. म्हटलं, संच पुरा करून हातात देते, मग नाही म्हणायला तोंड राहायचं नाही तुम्हाला." तिनं चष्म्याची काडी उघडली, पुन्हा मिटली. "विचारलं असतंत तर पंचविसावरच थांबले असते. पाच राहिले असते तर राहिले असते."

मी तिचे दोन्ही हात धरले. तिनं धरू दिले, चष्मा हातात होता तोवर. तीही "उत्तम क्षमा" म्हणाली. म्हणताना रडत होती.

मग तिनं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि समोरच्या म्हाताऱ्याकडं पाहून हलकेच आपले हात सोडवून घेतले. उठली आणि टेबलाशी जाऊन बसली. बरणीत अठ्ठाविसावा किडा होता. मी दारातून बघत होतो. एक रेघ काढायची, थांबायची, पुन्हा बरणीत बघायची. जूनपासून पहिल्यांदाच ती सावकाश काढत होती.